सासू-सुनेची विहीर

लोणारच्या सरोवराकाठी, कमळजा देवीच्या देवळाजवळ, एक विहीर आहे. लोक तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका अंगाचे पाणी गोड व दुसऱ्या अंगाचे खारट, अशी तिची ख्याती आहे. गोड अंग सासूचे की सुनेचे, याविषयी मात्र आमच्या वऱ्हाडात एकमत नाही. सासवा एक सांगतात, सुना दुसरे सांगतात, आणि पुरुषमंडळी शहाणपणाने गप्प बसतात.

माझे सारे आयुष्य मेहकरात गेले. तेथील एका मुलींच्या शाळेत मी तीस वर्षे शास्त्र शिकविले. मेहकराहून लोणार जवळ असल्यामुळे दरवर्षी मुलींना घेऊन तेथे जावयाचे, हा आमचा परिपाठच होता. काळ्या कातळात उल्का आदळून झालेले ते जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचे विवर, त्याच्या तळाशी साचलेले ते साबणासारखे बुळबुळीत खारे पाणी, आणि वरच्या कडेला अखंड वाहणारी गोड्या पाण्याची धार, हे सारे दाखवून झाले म्हणजे मुली हटकून विचारीत, "बाई, एकाच विहिरीत गोडे व खारे पाणी वेगळे कसे हो राहील?" मी म्हणे, "विहिरीचे मला ठाऊक नाही; परंतु असा चमत्कार तुमच्या प्रत्येकीच्या अंगात मात्र खरोखरच चालला आहे."

आणि मग मी त्यांना पेशीची गोष्ट सांगत असे. आपले शरीर ज्या असंख्य पेशींचे बनले आहे त्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचा एक अतिशय तलम पडदा असतो. त्याच्या बाहेरच्या पाण्यात सोडियम पुष्कळ व पोटॅशियम थोडे. आतल्या पाण्यात नेमके उलट. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला अंश. तो आत झिरपावयास सदैव टपलेला असतो. त्यास बाहेर काढण्याकरिता पडद्यातच पंप बसविलेले आहेत. ते दर खेपेस सोडियमचे तीन कण बाहेर लोटतात व पोटॅशियमचे दोन आत ओढतात. डेन्मार्कमधील येन्स स्कौ या शास्त्रज्ञाने खेकड्याच्या मज्जातंतूवर प्रयोग करून १९५७ साली हा पंप उजेडात आणिला, आणि पुढे चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यास त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपण स्वस्थ निजलेले असतो तेव्हाही आपल्या अन्नापासून मिळणाऱ्या शक्तीचा मोठा हिस्सा या पाणक्यांच्या मजुरीवर खर्च होत असतो. ते थांबले की आत-बाहेर एक होते, आणि ते एक होणे म्हणजेच मरण. लोणारचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले व सर्वत्र गवगवा झाला, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचे दाखविले. असे जीवदेखील आपल्या पेशीत पोटॅशियम भरून ठेवूनच त्या खाराशी टक्कर देतात.

हे सारे मला तोंडपाठ होते. तरी ते मला खऱ्या अर्थाने कळले नव्हते, असे आज वाटते. ते कसे कळले, हेच येथे सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझी सून पहिल्या बाळंतपणाकरिता पुण्याहून मेहकरास आली. रीतीप्रमाणे पहिली खेप माहेरी व्हावयाची. परंतु तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिला माहेर असे उरले नव्हते. मुलाने विचारले, "आई, तू करशील ना सगळे?" मी म्हटले, "न करावयास काय झाले? चार बाळंतपणे पाहिली आहेत मी." या वाक्यात जो ताठा होता त्याची शिक्षा मला लवकरच मिळावयाची होती.

सातवा महिना सरला. डोहाळजेवण झाले. आठव्यात तिचे पाय सुजू लागले. आमची भांडी घासणारी बाई म्हणाली, "पहिल्या खेपेले पाय सुजतेच, बाई. जिवाले घोर नोका लावू." मलाही तसेच वाटले. तथापि सूज म्हणजे अंगात पाणी साठणे आणि पाणी धरून ठेवते ते मीठ, एवढे शास्त्र मला येत होते. मी दुसऱ्याच दिवसापासून तिचे मीठ बंद केले. अळणी वरण, अळणी भाजी, लोणचे-पापड वर्ज्य. ती बिचारी कुरकुर न करता जेवत होती; की जेवत नव्हती, हे मी पाहिले नाही. पुढे बोटातली अंगठी निघेना, सकाळी उठल्यावर तोंड सुजलेले दिसू लागले. मी ताटातला ताकाचा वाडगासुद्धा अळणी केला व निश्चिंत झाले. मध्यंतरी तपासणीची तारीख होती. त्या दिवशी पाऊस फार होता म्हणून 'आठ दिवसांनी जाऊ' असे मीच म्हटले.

एके दिवशी तिचे डोके दुखू लागले. मी सुंठ उगाळून कपाळावर लेप घातला. दुपार टळली तरी दुखणे थांबेना. दिवेलागणीच्या सुमारास ती देवघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली व म्हणाली, "आई, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात हो."

माझ्या हातातील वात तशीच राहिली.

हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. माझ्या वडिलांची धाकटी बहीण १९४६ च्या पावसाळ्यात आमच्याच घरी पहिल्या बाळंतपणास आली होती. तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता; माझ्या आईने ही हकीकत मला पुढे अनेकदा सांगितली, आणि दर वेळी ती एकाच वाक्याने सुरू होई: "तुझी आत्या म्हणाली, वहिनी, डोळ्यांपुढे काजवे चमकतात." रात्री तिला झटके येऊ लागले. दातखीळ बसली, डोळे फिरले. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे. कोणी अंगारा आणावयास धावले. पैनगंगेस पूर आलेला, डॉक्टर पलीकडे. पहाटेस आत्या व तिच्या पोटातील जीव दोन्ही गेली. आईने शेवटपर्यंत एकच खंत बाळगिली, की ते काजव्यांचे बोलणे तिने हसण्यावारी नेले होते.

मी वात खाली ठेविली, मुलास हाक मारिली, आणि घटकेभरात आम्ही गावातल्या रुग्णालयात होतो. तेथील परिचारिका माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने रक्तदाब पाहिला: १७० वर ११०. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. लघवी तपासली, तीत प्रथिन पुष्कळ उतरत होते. पूर्वी परीक्षानळीत लघवी तापवून हे पाहत. अंड्याच्या बलकाभोवतीचे पाणी शिजून पांढरे होते तसे प्रथिन त्यात साकळते. आता एका कागदी पट्टीचा रंग पाहिला की पुरते. इतका सोपा हा तपास! आणि तो मी पावसाचे निमित्त करून आठ दिवस पुढे ढकलला होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "जेवण कसे आहे? मीठ कमी केले होते का?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच सून म्हणाली, "हो. मीच बंद केले होते."

मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सूज नुसत्या मिठाची नव्हे. या आजारात रक्तवाहिन्याच पाझरू लागतात. मीठ तोडून तो टळत नाही. उलट जेवण मात्र तुटते." पुढे मी वाचले तेव्हा कळले की, गर्भिणीने या विकारापासून बचाव म्हणून मीठ कमी करावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देत नाही. नेहमीच्या स्वयंपाकातले बेताचे मीठ खावे, एवढेच.

मग परिचारिकेने औषधाची सुई भरली. टोचताना सून कण्हली व म्हणाली, "अंगातून ऊन वाहतेय." मी घाबरून विचारले, हे कसले औषध? ती मुलगी जराशी हसली. "बाई, ओळखा. तुम्हीच वर्गात बरणी दाखवीत होतात. मॅग्नेशियम सल्फेट."

एप्समचे मीठ! शाळेच्या कपाटात, तळाच्या फळीवर, पांढऱ्या खड्यांची ती बरणी तीस वर्षे माझ्या हाताखालून गेली होती. त्याच्याही आधी आमच्या घरी आजोबांच्या औषधांच्या पेटीत त्याची बाटली असे. दर पंधरवड्यास ते रेचक म्हणून घेत. म्हणजे आत्या गेली त्या रात्री ते मीठ त्याच घरात, त्याच माजघरात होते. पाण्यात कालवून पाजल्याने काही झाले नसते, ते शुद्ध करून शिरेत वा स्नायूत टोचावे लागते, हे मला कळते. तरीही ती बाटली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पहिली मात्रा देऊन सुनेस रुग्णवाहिकेतून अकोल्यास हलविले. त्या रात्री एक तरुण डॉक्टर दर थोड्या वेळाने येई, लहानशा हातोडीने तिच्या गुडघ्याखाली टिचकी मारी, पाय उडतो की नाही हे पाही, श्वास मोजी, लघवी किती झाली ते लिहून ठेवी. मी विचारल्यावर त्याने सांगितले, "मॅग्नेशियम जास्त झाले तर आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो. तसे झालेच तर उतारा जवळ आहे." उतारा कोणता? कॅल्शियम. एका खाराचा उतारा दुसरा खार! त्या क्षणी माझ्या मनात माझा सारा धडा उलगडला. मी मुलींना सोडियम-पोटॅशियमचे पाणके दाखवून थांबत असे. परंतु त्याच पडद्यात कॅल्शियमच्याही खिडक्या असतात. पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक मोकळे कॅल्शियम असते. खिडकी उघडून ते आत शिरले की रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू आवळतो. ते पुन्हा बाहेर काढावयास निराळे पंप आहेत. मॅग्नेशियम हे कॅल्शियमचे जन्मजात प्रतिस्पर्धी. ते त्याची वाट अडविते, आणि मेंदूतील ज्या एका प्रकारच्या दारातून उत्तेजना आत शिरते त्या दारातच ते आगळीसारखे बसते. पंपांस लागणारी शक्तीदेखील मॅग्नेशियमच्या सोबतीवाचून खर्ची पडत नाही. नेमक्या कोणत्या वाटेने ते झटके थोपविते याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप चर्चा चालू आहे. थोपविते, याविषयी मात्र वाद उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला नात झाली. अवघी पावणेदोन किलोची, मुठीएवढे तोंड. तरीही मॅग्नेशियम पुढे चोवीस तास चालूच ठेविले. कारण बाळंतपण झाले म्हणजे संकट टळले असे नव्हे, झटके नंतरही येऊ शकतात. ते आले नाहीत. दोघी सुखरूप घरी आल्या.

त्यानंतर मी या विषयावरचे जे मिळेल ते वाचून काढिले. या विकाराचे मूळ वारेत आहे. पहिल्या महिन्यांत गर्भाशयातील ज्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेस मोकळे रक्त द्यावयाचे, त्या काही स्त्रियांत पुरत्या रुंद होत नाहीत. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडते की त्यांनी सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते. मग रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिन गळते, यकृत व मेंदू यांवर ताण येतो. शेवटच्या पायरीस झटके. तिला डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ एकाएकी चमकणे. आत्याचे व सुनेचे काजवे मला त्या शब्दात दिसले. पेशींच्या पडद्यातील पंपांचेही या विकारात बिनसते. अशा स्त्रियांच्या तांबड्या रक्तपेशींत कॅल्शियम बाहेर काढणाऱ्या पंपाचे काम मंदावलेले असते, असे व्हेनेझुएलातील संशोधकांनी दाखविले आहे. ते मंदावणे हे विकाराचे कारण की परिणाम, हा प्रश्न निराळा.

या साऱ्यांत मला सर्वांत थोर वाटली ती वारच. मुलाच्या हाडांकरिता नऊ महिन्यांत सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. गर्भाच्या रक्तात कॅल्शियम आईच्या रक्तापेक्षा अधिक असते. म्हणजे ते चढावर वाहून न्यावे लागते. वारेतील पंप ते काम अहोरात्र करितात. आई मुलास काय देते याची आपण वर्णने करितो. परंतु तिला न कळत, ती झोपेत असतानाही, असे कणाकणाने देणे चालले असते, हे कोणाच्या ध्यानात येते?

आणि ते मीठ! जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी व अमेरिकेत १९२० नंतर डॉक्टर ते झटक्यांवर वापरू लागले होते. तथापि दुसरी औषधे अधिक चांगली की हे, हा वाद पुढे कित्येक दशके चालला. १९९५ साली भारतासह अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत झटके पुन्हा न येऊ देण्यात ते इतर दोन औषधांहून सरस ठरले. २००२ साली तेहेतीस देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीत असे दिसले की, झटके येण्यापूर्वीच ते दिल्यास त्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्या महाराष्ट्रातही सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाहिले की, पाश्चात्त्य मापाची मात्रा आपल्याकडील हलक्या बांध्याच्या स्त्रियांस जास्त होते. कमी मात्रेनेही काम भागते, हे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. एवढे स्वस्त, एवढे साधे औषध! ते कोणा कारखानदाराचे गुपित नव्हे. उणीव असते ती वेळेवर ओळखणाऱ्याची.

म्हणून माझ्यासारख्या ज्या सासवा व आया हे वाचतील त्यांस दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा अधिक दिसला, तोंडावर व हातांवर एकाएकी सूज आली, डोके दुखून थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी वा काजवे आले, बरगडीखाली पोटात दुखू लागले, तर घरचे औषध करीत बसू नये. त्याच घटकेस रुग्णालयात जावे. चौथ्या महिन्यापासून सरकारी केंद्रांत कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या नेमाने घ्याव्या. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांना या विकारातही त्यांचा उपयोग होतो. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भिणींची मोफत तपासणी करावी, ही योजना २०१६ पासून आहे. पावसाकरिता ती तारीख चुकवू नये. हे शेवटचे वाक्य मी विशेषेकरून स्वतःस उद्देशून लिहिले आहे.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी सुनेस विचारले, "त्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे तू खोटे का बोललीस? मीठ तर मी बंद केले होते."

ती मुलीचे लंगोट घडी करीत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तुमचे हात त्या वेळी थरथरत होते. आणखी काय बोलायचे होते तुम्हांला?"

गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघी लोणारास गेलो. नात आता दुडुदुडु धावते. विवराच्या कडेवरून मी सुनेला खालचे देऊळ दाखविले आणि विहिरीची ती जुनी गोष्ट सांगितली. तिने हसून विचारले, "मग आई, गोड पाणी कोणाच्या अंगाचे?"

मी तिला उत्तर दिले नाही; नातीला धारेखाली हात धरावयास लावून तिला पाणी पाजीत राहिले. परंतु या प्रश्नाचा निकाल माझ्यापुरता केव्हाच लागलेला आहे, आणि एका सासूने तो सुनेच्या बाजूने दिला, एवढे आमच्या वऱ्हाडातील वाचकांनी नोंदून ठेवावे.